शून्य आणि एक यांच्या मध्ये

२०२५च्या मार्चमध्ये सुनीता विल्यम्स परतल्या, तेव्हा टीव्हीवर ते दृश्य आम्ही घरातले सगळेच पाहत होतो. आठ-दहा दिवसांसाठी गेलेल्या बाई २८६ दिवसांनी उतरल्या आणि त्यांना स्ट्रेचरवर घेण्यात आले. ‘आजोबा, त्या आजारी आहेत का?’ नातीने विचारले. आजारी नव्हत्या, ती नेहमीची खबरदारी होती. पण प्रश्न मनात राहिला.

अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण नसते असे नव्हे. स्थानक आणि माणूस सोबतच पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. मग काटकसरी शरीर बिनकामाची हाडे झिजवू लागते. कमरेच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटू शकते. रोज दोन-एक तास व्यायाम करूनही ही झीज पुरती थांबत नाही.

यावर उपाय जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये दिसतो. मोटारसायकलवाल्याला सरळ जायचे असते, भिंत त्याला सतत आत वळवते. भिंतीचा तो रेटा म्हणजेच त्याचे कृत्रिम वजन. यान असेच गरगर फिरवले, तर त्याची बाहेरची भिंत ही जमीन होईल.

मग फिरवत का नाहीत? अडचण गणिताची आहे. मिनिटाला दोनच फेरे घ्यायचे आणि पृथ्वीइतके वजन हवे, तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. आजचे अख्खे स्थानक जेमतेम १०९ मीटर लांब आहे. त्रिज्या ९ मीटरवर आणली, तर मिनिटाला दहा फेरे घ्यावे लागतात. मग नुसती मान वळवली तरी भोवळ येते, आणि उभ्या माणसाच्या डोक्याशी पायापेक्षा एक पंचमांश कमी ओढ असते. दोन याने दोरीने बांधून फिरवण्याचा प्रयोग जेमिनी-११ने १९६६मध्ये केला. दोरी ३० मीटरची, फिरणे अगदी संथ. वजन नावापुरतेच निर्माण झाले.

माझी तक्रार मात्र वेगळी आहे. मंगळावर पृथ्वीच्या ३८ टक्के वजन असते. तेवढे हाडांना पुरते का? माणसाच्या बाबतीत याचे उत्तर कोणाकडेच नाही. आपल्याला शून्य ठाऊक आहे, एक ठाऊक आहे. मधले काहीच नाही. चंद्रावरचा मुक्कामही सुमारे तीन दिवसांपलीकडे गेलेला नाही. लहान प्राण्यांवर हे तपासण्यासाठी अडीच मीटर व्यासाच्या फिरत्या यंत्राचा एक कक्ष स्थानकासाठी जपानमध्ये तयार होत होता. २००५मध्ये तो रद्द झाला. पुढे २०१६मध्ये जपानने छोट्या यंत्रात उंदीर फिरवले. पृथ्वीइतके वजन मिळालेल्या उंदरांची हाडे आणि स्नायू टिकले. म्हणजे वाट बरोबर आहे, फक्त पुढे चालायला हवे.

आपण मुलाला परगावी धाडतानासुद्धा तिथले पाणी मानवेल का, याची चौकशी करतो. मंगळावर माणसे पाठवायच्या गप्पा मारणाऱ्यांनी एवढी चौकशी करू नये? भारताने २०३५पर्यंत स्वतःचे अंतराळस्थानक उभारण्याचे ठरवले आहे. ते भलेमोठे चाक असावे, असा माझा हट्ट नाही. पण त्यात एक लहानसा फिरता कक्ष जरूर असावा, आणि तो खर्चकपातीत पहिला बळी जाऊ नये. रॉकेट कितीही मोठे बांधले, तरी पलीकडे उतरणाऱ्याला स्वतःच्या पायांवर उभे राहता आले पाहिजे.