कल्कीचा जन्म पुढच्या भागात!

चळवळीच्या दैनिकात सिनेमाची चर्चा कशाला, असे काही ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतील. विचारू द्या. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या वस्त्यांतील आपली पोरे आज व्याख्यानाला कमी आणि मोबाईलवर हिंदीत डब केलेल्या सुपरहिरोंपुढे जास्त बसतात. त्यांच्या डोक्यात काय उतरते, हे आपण पाहायचे नाही तर कोणी?

२७ जून २०२४ रोजी 'कल्की २८९८ एडी' प्रदर्शित झाला. सिनेमा जवळपास तीन तासांचा. नाव कल्कीचे, पण कल्की त्यात जन्मालाच येत नाही! आई गरोदर, अश्वत्थामा तिच्या राखणीला, जुलमी यास्किन वर आपल्या महालात आणि नायक भैरव बहुतेक वेळ स्वतःच्या फायद्यामागे. शेवटी कळते की हा भैरव म्हणजे मागच्या जन्मीचा कर्ण. झाले, बाकीचे पुढच्या भागात. पाण्याला महाग झालेल्या काशीतल्या माणसांचे काय झाले, हे विचारायचे नाही. त्यावर कडी म्हणजे, त्या आईचे काम करणारी दीपिका पदुकोण पुढच्या भागात नसेल, असे निर्मात्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. जिच्या पोटावर अख्खी कथा टांगली, तीच गेली!

मुंबईचे निर्मातेही मागे नाहीत. 'ब्रह्मास्त्र'ने (२०२२) तर नावातच 'भाग पहिला' लिहिले. ज्याच्याशी खरी लढाई, तो देव शेवटी फक्त जागा होतो. हॉलिवूडच्या 'द अमेझिंग स्पायडर-मॅन २' (२०१४) मध्ये पुढच्या सिनेमांसाठी खलनायक पेरून ठेवले होते. ते सिनेमे आलेच नाहीत. कंपनीने नवा नट घेऊन दुसराच स्पायडर-मॅन उभा केला. मी वकील आहे. कोर्टात तारीख पडली की पक्षकार हिरमुसतो, पण निदान पुढची तारीख तरी त्याच्या हातात पडते. इथे पैसे पूर्ण घेतले, माल अर्धा दिला आणि तारीखही नाही.

भाग पाडणे मुळातच वाईट, असे मी म्हणत नाही. 'अ‍ॅव्हेंजर्स'वाल्यांनी २०१८ साली कथा अर्धी तोडली, पण २०१९ मध्ये देणे चुकते केले. त्याच कंपनीचा 'ब्लॅक पँथर' (२०१८) तर स्वतःच्या पायावर उभा आहे. तो ओकलंडमध्ये सुरू होतो आणि ओकलंडमध्येच संपतो. ज्या गावात १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी जन्मली आणि जिच्यापासून स्फूर्ती घेऊन १९७२ मध्ये आपली दलित पँथर उभी राहिली, तेच हे ओकलंड. खलनायकाची तक्रारही त्यात ऐकून घेतली आहे आणि तिचा निकालही त्याच सिनेमात लागतो.

मग कल्कीबद्दलच एवढा राग का? कारण 'पुढच्या भागात' ही युक्ती आपल्याला नवी नाही. या जन्मी सोसा, फळ पुढच्या जन्मी. अन्याय आज, अवतार युगाच्या शेवटी. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) या अवतारमाळेचा एकेक मणी तपासला. बाबासाहेबांनी 'रिडल्स'मध्ये नेमके हेच विचारले, की ब्राह्मणांनी कलियुग न संपणारे का केले? ते पुस्तक छापले गेले तेव्हा केवढा गदारोळ झाला आणि १९८८ साली मुंबईत आपले लोक किती मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, हे जुन्यांना आठवत असेल. अवतार नाकारण्याची प्रतिज्ञा तर बावीस प्रतिज्ञांत आहेच. विहारात ती म्हणणारा पोरगा संध्याकाळी कल्कीची वाट पाहत बसतो, आणि त्याला त्यात विसंगती दिसत नाही. दोष त्याचा कमी, आपला जास्त. आपण त्याला दुसरे दाखवले काय?

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' २०१४ साली चित्रपटगृहांत आला. त्यातल्या जब्याकडे ना अस्त्र, ना मागचा जन्म. त्याचा दगड त्याच सिनेमात, त्याच्याच हातून, थेट आपल्या अंगावर येतो.

आमच्या विहारात येत्या रविवारी वंदनेनंतर हाच सिनेमा पोरांना दाखवायचे ठरले आहे. ज्यांच्याकडे प्रोजेक्टर आहे, त्यांनी कृपया तो शनिवारीच आणून द्यावा. मागच्या वेळी वायर सापडण्यातच तास गेला होता.