मुलाचं नाव अभ्यासात घालू का?



मक्तबला निघालेल्या चार-पाच वर्षांच्या मुलाचे डोळे सकाळी सुजलेले दिसतात. घरात म्हणतात, डास चावला असेल, सर्दी असेल. आठवड्याभरात पाय सुजतात, पोट फुगतं, लघवीला फेस येतो. महाडला लघवी तपासली की तीत भरपूर प्रोटीन सापडतं आणि डॉक्टर मुंबईची चिठ्ठी देतात. या आजाराचं नाव नेफ्रोटिक सिंड्रोम. किडनीच्या गाळणीतून रक्तातलं प्रोटीन निसटतं आणि अंगात पाणी साठतं. अल्लाहच्या मेहेरबानीने बहुतेक मुलं स्टिरॉइडच्या गोळ्यांनी सुधारतात, पण आजार पुन्हा पुन्हा उलटतो.

मोठ्या रुग्णालयात कधी कधी आणखी एक कागद समोर येतो: तुमच्या मुलाला एका अभ्यासात घेऊ का? अब्बा आखातात नोकरीला, अम्मीसोबत फक्त मामू. पहिला विचार मनात येतो तो हा, ‘आमच्या पोरावर प्रयोग करणार की काय?’ ही भीती रास्त आहे. म्हणून या महिन्यात त्या कागदाविषयी.

पहिली गोष्ट, हा अभ्यास एकाच रुग्णालयात का होत नाही? कारण आजार तसा विरळा आहे. महाड आणि पोलादपूर मिळून लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास. इतक्या वस्तीत वर्षाला अशी नवी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. चार-सहा मुलांवरून कोणतं औषध बरं, हे ठरत नाही. म्हणून अनेक रुग्णालयं एकच नियम, एकच नोंदवही ठरवतात आणि सगळ्यांचे आकडे एकत्र मांडतात.

1967 मध्ये असा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास सुरू झाला. त्यात 521 मुलांच्या किडनीचा बारीक तुकडा सुईने काढून तपासला गेला. त्यातून कळलं की जी मुलं स्टिरॉइडला चांगला प्रतिसाद देतात, त्यांच्या किडनीत बहुधा गंभीर बिघाड नसतो. आज बहुतेक मुलांना सुई न टोचता थेट गोळ्या सुरू होतात, ते या 521 मुलांमुळे. त्यांच्या आईबापांनीही कधीतरी असाच कागद हातात धरला होता.

आपल्या देशातलं उदाहरण घ्या. पहिल्यांदा आजार झाला की गोळ्या तीन महिने द्याव्यात की सहा? जास्त दिवस दिल्या तर आजार कमी उलटेल, असं अनेक डॉक्टरांना वाटे. पण स्टिरॉइडने चेहरा सुजतो, भूक वाढते, मूल चिडचिडं होतं, उंची खुंटू शकते, रक्तदाब वाढू शकतो. भारतातल्या पाच रुग्णालयांनी मिळून 181 मुलांचा अभ्यास केला. पहिले तीन महिने प्रत्येक मुलाला नेहमीचा इलाज मिळाला. पुढचे तीन महिने निम्म्यांना कमी होत जाणारी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. म्हणजे इलाजावाचून कोणालाही ठेवलं नाही. 2015 मध्ये निकाल आला: सहा महिन्यांचा खास फायदा नाही. मुलांच्या किडनीतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने 2021 मध्ये पहिल्या इलाजासाठी सहा आठवडे रोज आणि सहा आठवडे एक दिवसाआड, असे बाराच आठवडे सांगितले.

दुसरं उदाहरण ब्रिटनचं. सर्दी-खोकला झाला की काही दिवस रोज स्टिरॉइड द्यावं, म्हणजे आजार उलटत नाही, असं लहान अभ्यासांवरून वाटत होतं. 122 रुग्णालयांतल्या 365 मुलांवर पाहिलं, तेव्हा 2022 मध्ये कळलं की त्याने फरक पडत नाही. वारंवार आजार उलटणाऱ्या मुलाबाबत तुमचे डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात. पण कोकणातल्या पावसात नाक वाहू लागलं म्हणून आपल्या मनाने गोळी वाढवू नका.

आता कागदावर सही करण्याआधी हे विचारा. माहिती मराठीत किंवा उर्दूत लेखी मिळेल का? अभ्यासात नसतो, तर काय इलाज मिळाला असता? किती वेळा यावं लागेल, भाडं मिळेल का? औषधाच्या चाचणीमुळे मुलाला इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याचा नियम आहे, तो या कागदात लिहिला आहे का? औषधाच्या चाचणीची नोंद देशाच्या सरकारी नोंदणीत असते, तिचा क्रमांक मागा. सात वर्षांवरच्या मुलाला समजेल अशा भाषेत विचारून त्याचीही मर्जी घ्यायची असते. तुम्ही ‘नाही’ म्हणालात किंवा मधेच बाहेर पडलात, तरी नेहमीचा इलाज थांबवता येत नाही. घरी विचारून सांगतो, असं म्हणायला संकोच करू नका.

आणि ‘हो’ म्हणालात तर मात्र तो वायदा आहे. आपल्याकडून मुंबईला जाऊन येण्यात अख्खा दिवस आणि एक रोजंदारी जाते. जुलै 2021 च्या महापुरात महाड बुडालं, तळियेवर दरड कोसळली, रस्ते बंद झाले. अशा वेळी स्टिरॉइड एकदम तुटणं मुलाच्या जिवावर बेतू शकतं, कारण अंगातलं नैसर्गिक स्टिरॉइड तेव्हा झोपलेलं असतं. म्हणून पावसाळ्यात डॉक्टरांना विचारून जादा गोळ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. फाइलचे फोटो मोबाइलवर काढून आखातातल्या अब्बांनाही पाठवा. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर पट्टीने लघवी तपासून वहीत रोज लिहा. ती वही अभ्यासातल्या मुलाइतकीच अभ्यासाबाहेरच्या मुलालाही उपयोगाची आहे.

जमातीच्या जबाबदार मंडळींना एक विनंती. गावात असं मूल असेल तर त्याच्या तपासणीच्या फेऱ्यांचं भाडं सदक्यातून द्यावं. भाड्याअभावी एक फेरी चुकली, तर मुलाचा इलाज विस्कटतो आणि अभ्यासातला आकडाही गळतो.

एक जीव वाचवण्याची थोरवी आपल्याला लहानपणापासून शिकवलेली आहे. आपल्या मुलाच्या वहीतल्या ओळी उद्या आपण कधीही न पाहिलेल्या मुलाच्या कामी येऊ शकतात. विचारा, समजून घ्या, मगच सही करा. अल्लाह सगळ्या आजारी मुलांना शिफा देवो. आमीन.