वाढीव वॉरंटी : करकपातीची बचत कोणाच्या खिशात?

गेल्या वर्षी, २२ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे घटस्थापनेच्याच दिवशी, बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्ही संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कराविना ३१,२५० रुपये किंमत असलेला जो संच पूर्वी ४० हजारांना पडे, तो नव्या दराने ३६,८७५ रुपयांना पडतो. बचत ३,१२५ रुपयांची. मात्र बिल तयार होत असतानाच काउंटरवरून प्रश्न येतो, ‘एक्स्टेंडेड वॉरंटी घेणार ना?’ तिचे शुल्क तीन हजारांच्या घरात असले, तर सरकारने सोडलेला कर दुकानाच्या दारातच खर्ची पडतो. म्हणूनच हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

वाढीव वॉरंटी नावाने हमी असली, तरी स्वभावाने विमाच आहे. अनेकांकडून थोडे थोडे पैसे घ्यायचे आणि ज्या थोड्यांचे संच बिघडतील त्यांची दुरुस्ती करून द्यायची, हे तिचे गणित. त्यात विक्रेत्याचा मोबदला, कार्यालयीन खर्च आणि नफाही मिळवलेला असतो. साहजिकच सर्व ग्राहकांचा एकत्रित विचार केला, तर परत मिळते त्याहून अधिक भरले जाते. यात फसवणूक नाही. प्रत्येक विम्याचे असेच असते. परंतु विमा कशाचा उतरवावा, याचा एक जुना नियम आहे. जे नुकसान घराला पेलवणार नाही, त्याचाच उतरवावा. गंभीर आजारपण त्यात बसते. टीव्ही बसतो का, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

त्यासाठी बिघाडाचे स्वरूप समजून घ्यायला हवे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील निर्मितीदोष बहुधा सुरुवातीच्या काळात उघड होतात आणि तो काळ साधारणतः कंपनीच्या मूळ वॉरंटीत येतो. झिजेमुळे होणारे बिघाड बरेच उशिरा, अनेकदा वाढीव मुदतही उलटल्यावर डोके वर काढतात. मधल्या काळात पॉवर सप्लायचा बोर्ड, मुख्य बोर्ड किंवा पडद्यामागील प्रकाशपट्ट्या निकामी होऊ शकतात. त्यांची दुरुस्ती तुलनेने आटोक्यातली असते. खरा महाग भाग म्हणजे पॅनल, अर्थात पडदा. तो बदलण्याचा खर्च काही वेळा नव्या संचाच्या किमतीजवळ जातो.

उदाहरणादाखल, दोन वर्षांच्या वाढीव वॉरंटीचे शुल्क ३ हजार रुपये आणि बोर्डाची दुरुस्ती ६ हजारांची धरली, तर व्यवहार बरोबरीत सुटण्यासाठी दर दोन संचांपैकी एक त्या मुदतीत बिघडायला हवा. पॅनलचा खर्च २१ हजार धरला, तर सातांपैकी एक. सारा निर्णय पॅनलभोवती फिरतो, तो असा. आणि नेमके तिथेच करारपत्रातील बारीक अक्षरे आडवी येतात. पडद्याला गेलेला तडा, विजेच्या दाबातील चढउतार, ओलावा, किडे-मुंग्या ही कारणे अनेक करारांत वगळलेली असतात. ‘तीन वर्षांची वॉरंटी’ म्हणताना त्यात कंपनीचे पहिले वर्ष धरले आहे की काय, हेही पाहावे लागते. भरपाईच्या वेळी संचाची किंमत दरवर्षी किती घटवणार, पॅनल उपलब्ध नसल्यास काय देणार आणि हमी कंपनीची आहे की तिसऱ्याच संस्थेची, या प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याच्या तोंडून नव्हे, कागदावर हवीत. अडचण अशी की, हा कागद बहुधा पैसे भरल्यानंतर हाती पडतो.

कायदा ग्राहकाच्या बाजूने काही प्रमाणात उभा आहे. ऑनलाइन खरेदीत ग्राहकाच्या संमतीविना एखादी सेवा बिलात सरकवणे, हा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध ठरवला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी शुल्क नाही. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. मूळ वॉरंटीतील टाळाटाळीविरुद्धही हेच मार्ग खुले आहेत. त्यासाठी वाढीव वॉरंटी लागत नाही. उणीव आहे ती दुरुस्तीच्या दरांबाबत. ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळही सुरू केले. तरीही खरेदीच्या क्षणी पॅनलची किंमत ग्राहकापुढे क्वचितच असते. जोखमीची किंमतच ठाऊक नसताना विमा घेण्याचा निर्णय अखेर भीतीच्या आधारे होतो.

तेव्हा मध्यम किमतीच्या संचासाठी तेवढीच रक्कम बाजूला ठेवणे बहुतेक घरांना अधिक परवडणारे ठरेल. संच बिघडला तर ती उपयोगी पडते आणि न बिघडला तर घरातच राहते. मोठ्या, महागड्या संचासाठी किंवा एकरकमी वीस हजार उभे करणे जड जाणाऱ्या घरासाठी वाढीव वॉरंटीचा विचार जरूर व्हावा. पण ती शक्यतो खुद्द कंपनीची असावी आणि पॅनलचा समावेश तीत लेखी असावा. हप्त्यांत मिसळलेले शुल्क जाणवत नाही, म्हणून ते वेगळे विचारून घ्यावे. काही कंपन्या खरेदीनंतरही, मूळ मुदत संपेपर्यंत, वाढीव वॉरंटी देतात. ही सोय आहे का, एवढे विचारले तरी काउंटरवरची घाई निम्मी ओसरते. करकपातीतून वाचलेले पैसे कोणाच्या खिशात जावेत, हे मग ग्राहकाला शांतपणे ठरवता येईल.