फ्लॉपीचा उंबरठा

जुना संगणक माळ्यावर टाकून दिलेली घरे आपल्या भागात अजून पुष्कळ आहेत. दुकानाचे हिशेब, घराण्याची वंशावळ, मुलीचा प्रबंध असे काहीबाही त्यात पडून असते. विंडोज सुरू होईनासे झाले की सगळे गेले असे समजून तो भंगारात निघतो. पण विंडोज बंद पडले म्हणून फायली जात नाहीत. हार्डडिस्क शाबूत असेल तर संगणक फ्लॉपीवरून सुरू करून त्या बाहेर काढता येतात. मात्र फ्लॉपी योग्य हवी.

साडेतीन इंची, १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर २,८८० कप्पे असतात. त्यांना सेक्टर म्हणतात. प्रत्येकात ५१२ बाइट मावतात. यातला पहिला कप्पा म्हणजे बूट सेक्टर. याला घराचा उंबरठा समजा, कन्नडात आपण होस्तिलु म्हणतो तो. संगणक सुरू होताना बायॉस फ्लॉपीवरचा एवढा एकच कप्पा वाचतो आणि त्यातल्या छोट्या प्रोग्रॅमच्या हाती कारभार सोपवतो. पुढच्या फायली शोधणे हे त्या प्रोग्रॅमचे काम.

आता फाइलसिस्टिम. आपल्याकडे एकाच स्वयंपाकघरात सासूबाईंच्या डब्यांवर मराठीत नावे आणि सूनबाईंच्या डब्यांवर कन्नडात, असे असते. ज्याला एकच लिपी येते, तो साखरेचा डबा समोर असूनही शोधत बसेल. फाइलसिस्टिम ही डब्यांवरची लिपी. उंबरठ्यावरच्या प्रोग्रॅमला ती वाचता आली पाहिजे आणि त्याला हवी असलेली फाइलही तिथे असली पाहिजे.

म्हणूनच डॉसच्या फायली नुसत्या कॉपी करून फ्लॉपी बूटेबल होत नाही. विंडोज ९८ वर ‘फॉरमॅट’ला ‘/एस’ जोडून किंवा ‘सिस’ ही आज्ञा देऊन ती बनवावी लागते, कारण ही आज्ञा बूट सेक्टरही लिहिते. एमएस-डॉसचा बूट सेक्टर ‘आयओ.सिस’ शोधतो. १९९४ मध्ये सुरू झालेल्या मोफत फ्रीडॉसचा बूट सेक्टर ‘कर्नेल.सिस’ शोधतो. दोघांची फाइलसिस्टिम एकच, फॅट१२. तरीही एकाच्या उंबरठ्यामागे दुसऱ्याच्या फायली ठेवल्या तर गाडी अडते. ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ हा ओळखीचा संदेशसुद्धा फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधूनच येतो. तेव्हा तो दिसला म्हणजे फ्लॉपी खराब झाली असे मानू नका.

लिनक्समध्ये दोन वाटा आहेत. सिसलिनक्स फॅट फ्लॉपीवरच आपला बूट सेक्टर बसवतो, त्यामुळे तीच फ्लॉपी विंडोजमध्येही उघडते. लिलो हा ‘एक्स्ट२’ फाइलसिस्टिमवरही चालतो, पण त्याला फाइलसिस्टिम वाचता येत नाही. कर्नेल कोणत्या कप्प्यांत आहे ते तो आधीच टिपून ठेवतो. कर्नेल बदलले की लिलो पुन्हा चालवावा लागतो. एक्स्ट२ची फ्लॉपी विंडोजमध्ये घातली तर ‘फॉरमॅट करू का?’ असा प्रश्न येतो. तिथे ‘हो’ म्हणू नका.

कधी कधी फ्लॉपीची तयार प्रतिमा मिळते, नेमकी १४,७४,५६० बाइटांची. ती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. विंडोजमध्ये रॉराइट किंवा लिनक्समध्ये ‘डीडी’ने ती कप्प्यागणिक उतरवावी लागते. तसे करताना फ्लॉपीवरचे आधीचे सगळे पुसले जाते. म्हणून यासाठी जुन्या पत्रांची फ्लॉपी नव्हे, कोरी घ्या. काम झाले की कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडे करा. मग तिच्यावर चुकूनही काही लिहिले जाणार नाही आणि जुन्या संगणकातला विषाणूही तिच्यात शिरणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचे राहिले. हार्डडिस्कचीही स्वतःची लिपी असते. एमएस-डॉस ६.२२ ला फॅट३२ दिसत नाही. विंडोज ९८ च्या फ्लॉपीला फॅट३२ दिसते, पण एक्सपीच्या संगणकांत बहुधा असणारे एनटीएफएस दिसत नाही. उलट ही फ्लॉपी स्वतःच्या अवजारांसाठी मेमरीत एक तात्पुरती ड्राइव्ह तयार करते. हार्डडिस्क ओळखता आली नाही तर तिलाच ‘सी’ हे नाव मिळते. ‘सी’ उघडून पाहणाऱ्याला आपली एकही फाइल दिसत नाही आणि सर्वस्व गेल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात फायली जागच्या जागी असतात. अशा वेळी हार्डडिस्क काढून यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावावी, हा सोपा उपाय.

तेव्हा वाचकहो, माळ्यावरचा संगणक भंगारवाल्याला देण्याआधी त्यात कोणती विंडोज होती एवढे घरात विचारून घ्या. कोणती फ्लॉपी करायची, की फ्लॉपीच्या नादी लागायचेच नाही, हे त्या उत्तरावरून ठरेल.