आधी नाला, मग प्लॉट

इंदूरजवळच्या सांवेरसारख्या गावात कॉलनी काढायला परवानगी लागतेच कशाला, असा सवाल परवा एका जाणत्या गृहस्थांनी भर बैठकीत टाकला आणि टाळ्या घेतल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जमीन शेतकऱ्याची, पैसा घेणाऱ्याचा, मध्ये सरकारचं काय काम? टीएनसीकडून, म्हणजे नगर व ग्राम निवेश विभागाकडून, नकाशा पास करा, डायव्हर्शन करून जमीन बिगरशेती करा, विकास अनुज्ञा घ्या, रेरात नोंदवा; तोवर भाव दुप्पट होतात आणि गरिबाचं घर राहून जातं. त्यापेक्षा प्लॉट विकू द्या, लोकांना राहायला येऊ द्या, कॉलनी मागाहून नियमित करता येते.

डायव्हर्शनचं रडगाणं जुनं झालं. 2018 च्या दुरुस्तीनंतर मध्य प्रदेशात त्यासाठी मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. स्वतः आकारणी करून रक्कम भरायची आणि कळवायचं. भाव वाढतात ते उज्जैन रस्ता रुंद होतोय आणि 2028 चा सिंहस्थ तोंडावर आहे म्हणून. फायलीवरच्या शिक्क्यांनी एकरी भाव चढत नाहीत. आणि रेरा? घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच कामावर खर्च करा, एवढंच तो कायदा मागतो. यात गरिबाचं नुकसान कुठे होतं, ते त्या गृहस्थांनी सांगितलं नाही.

माझा खरा राग आहे तो ‘मागाहून’ या शब्दावर.

माझ्या मावशीने सांवेरच्या वाटेवर वीस बाय पन्नासचा प्लॉट घेतला. रजिस्ट्री नाही, डायरीवर सौदा. लाल पुठ्ठ्याची छोटी वही, पानापानावर हप्त्याची तारीख, रक्कम आणि एकच वळणदार सही. सोबत गुळगुळीत कागदावर रंगीत नकाशा: तीस फुटी रस्ते, कोपऱ्यात हिरवी बाग. मी पटवाऱ्याकडचा गावनकाशा काढून शेजारी ठेवला. बागेच्या जागी नाला होता, स्वतःचा खसरा नंबर असलेला, शासकीय. उन्हाळ्यात तो नुसता खोलगट पट्टा दिसतो, बाभळी आणि भेगा. मुरूम टाकून बुजवायला चार दिवस पुरतात. पण माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मग वरून आलेला थेंब आत घेत नाही. पहिल्याच आषाढात वरच्या शेतांचं पाणी आपल्या जुन्या वाटेने आलं आणि मावशीच्या ओट्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन थांबलं. शेजारच्यांनी विटांवर फळ्या टाकल्या. मावशी साडीचा ओचा धरून त्या फळ्यांवरून दूध आणायला जायची. सही करणारा तोवर फोन उचलेनासा झाला होता.

आता हे मागाहून कसं दुरुस्त करायचं? तीस फुटी रस्ता जागेवर बारा फुटी निघाला, कारण प्रत्येकाने ओटा पुढे घेतला. गटार घालायचं तर कोणाचा ओटा तोडायचा? नाला मोकळा करायचा तर कोणाचं घर पाडायचं? कॉलनी नियमित होते ती कागदावर. विकास शुल्क रहिवाशांच्या माथी बसतं, म्हणजे प्लॉटच्या भावात एकदा दिलेल्या रस्त्याचे पैसे पुन्हा द्यायचे. आणि नियमित करण्याची तारीख कधी एका जागी राहते का? इथे 31 डिसेंबर 2016 ची होती, 2023 मध्ये ती डिसेंबर 2022 पर्यंत नेल्याची घोषणा झाली. महाराष्ट्रात गुंठेवारीचा कायदा 2001 चा. त्याची मुदतही पुढे 31 डिसेंबर 2020 वर आली. सरकणारी तारीख प्लॉट कापणाऱ्याला काय सांगते, हे सांवेरच्या चहाच्या टपरीवरसुद्धा ठाऊक आहे: काप, विक, पुढची तारीख येईलच.

जुनं इंदूर नकाशाशिवायच वाढलं, हाही एक ठेवणीतला मुद्दा. हा वाद मी वीस वर्षं घालतोय. शहर वाढलं खरं, पण त्याचे परिणाम निस्तरायला होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं आणि 1918 मध्ये त्यांचा दोन खंडांचा अहवाल आला. त्यात नद्यांची, नाल्यांची, सांडपाण्याची काळजी पानोपानी आहे. शंभर वर्षांनी त्याच शहराचं पाणी घेऊन कान्ह नदी सांवेर तालुक्यातून उज्जैनकडे क्षिप्रेला मिळते, आणि आपण तिला मिळणारे नाले बुजवतो आहोत.

परवानगीचा अर्थ माझ्या लेखी इतकाच: प्लॉट विकण्याआधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे ठरवून घेणं. जो अजून आलेलाच नाही, त्या घेणाऱ्याच्या बाजूने बोलणारं दुसरं कोणी तिथे नसतं. विलंब होतो, हेलपाटे पडतात, हे मला मान्य आहे. ते कमी करा. मुदत ठरवा, एका खिडकीवर कागद घ्या. पण विकासकामांची हमी म्हणून पंचवीस टक्के प्लॉट बंधक ठेवण्याचा जो नियम आहे, तो ढिला करू नका. बंधक प्लॉटचे नंबर कॉलनीच्या फाटकावर रंगवा आणि रजिस्ट्री कार्यालयातही लावा, म्हणजे कोणी तेच प्लॉट डायरीवर विकणार नाही. गावनकाशातला नाला मंजूर नकाशावर निळ्या शाईने, खसरा नंबरासकट दिसू द्या.

आणि कामं पूर्ण झाल्याची पाहणी मे महिन्यात करू नका. श्रावणात, दोन दिवस झड लागल्यावर इंजिनिअरने गमबूट घालून यावं, शेवटच्या ओळीतल्या प्लॉटपर्यंत चालत जावं, आणि मगच बंधक प्लॉट सोडावेत.