विश्लेषण : सुपरहिरोचा अंक दोन महिने आधी का नोंदवावा लागतो? वितरक बुडाला तर वाचकाचे काय?

अमेरिकेतील कॉमिक्सच्या दुकानांना चार दशकांहून अधिक काळ माल पुरवणाऱ्या 'डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्युटर्स' या कंपनीने १४ जानेवारी २०२५ रोजी दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. बॅटमॅन किंवा स्पायडर-मॅनच्या चाहत्याला या कंपनीचे नावही कदाचित ठाऊक नसेल. मात्र त्याच्या हातात पडणारा जवळपास प्रत्येक अंक एकेकाळी याच कंपनीच्या गोदामातून येत होता. चित्रपटांनी सुपरहिरो घरोघरी पोहोचवले असताना त्यांची कॉमिक्स पोहोचवणारी कंपनी का कोसळली? याचा फटका दुकानदाराला, छोट्या प्रकाशकाला आणि वाचकाला कसा बसतो? भारतातील चाहत्याचा याच्याशी संबंध काय? याचा हा आढावा.

डायमंड नेमके काय करत होती?

स्टीव्ह गेप्पी यांनी १९८२ मध्ये मेरीलँड राज्यात ही कंपनी सुरू केली. प्रकाशकांकडून अंक घ्यायचे आणि देशभरातील कॉमिक्सच्या दुकानांना पाठवायचे, हे तिचे काम. 'प्रीव्ह्यूज' ही तिची जाडजूड मासिक सूची दुकानदारांइतकीच चाहतेही चाळत. साधारण दोन महिन्यांनी कोणते अंक येणार, याची माहिती त्यात असे. दुकानदार त्यावरून मागणी नोंदवत आणि नेहमीचा ग्राहक आपली यादी दुकानात देऊन ठेवत असे. या यादीला तिकडे 'पुल लिस्ट' म्हणतात. दर बुधवारी नवे अंक आले की यादीप्रमाणे ते बाजूला काढून ठेवले जातात. चाहत्यांच्या आठवड्यात बुधवारला खास स्थान आहे ते यामुळेच.

जोखीम दुकानदाराच्या माथी कशी आली?

पूर्वी अमेरिकेत कॉमिक्स औषधांच्या दुकानांत, किराणा दुकानांत आणि वृत्तपत्रांच्या स्टॉलवर मिळत. न खपलेल्या अंकाच्या मुखपृष्ठाचा वरचा भाग कापून परत पाठवला, की विक्रेत्याला त्याचे पैसे मिळत. त्यामुळे तोटा प्रकाशकाच्या खात्यात जाई. कोणत्या स्टॉलवर कोणता अंक येईल, याची मात्र खात्री नसे. क्रमशः कथेचा तिसरा भाग हाती लागला आणि चौथा आलाच नाही, हा चाहत्यांचा नेहमीचा अनुभव होता.

फिल स्यूलिंग या ब्रुकलिनमधील शिक्षकाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रकाशकांपुढे वेगळा प्रस्ताव ठेवला. जास्त सवलत द्या, हवे ते अंक हव्या तेवढ्या प्रतींत द्या. त्या बदल्यात न खपलेला माल आम्ही परत करणार नाही, असा हा सौदा होता. त्यातून 'डायरेक्ट मार्केट' ही पद्धत उभी राहिली. चाहत्यांना सगळे भाग सलग मिळू लागले, केवळ कॉमिक्स विकणारी दुकाने निघाली आणि प्रकाशकाला छपाईपूर्वीच खपाचा आकडा कळू लागला. १९८१ मध्ये मार्व्हलने 'डॅझलर'चा पहिला अंक फक्त या दुकानांसाठीच काढला, इतका त्यांचा जोर वाढला होता.

या सौद्याची किंमत दुकानदार आजही मोजतो. समजा, ४ डॉलर किमतीचा अंक त्याला निम्म्या दराने मिळाला आणि त्याने २० प्रती मागवल्या. त्याचे ४० डॉलर गुंतले. दहा प्रती विकल्या की मुद्दल सुटले. भाडे, वीज आणि पगार त्यानंतर. आठच विकल्या, तर ८ डॉलरचे नुकसान आणि १२ प्रती कपाटात पडून. दर आठवड्याला असे कितीतरी अंक येतात आणि प्रत्येकाबाबत हा अंदाज बांधावा लागतो.

आगाऊ नोंदणीला इतके महत्त्व का?

दुकानदार मागणीचा अंतिम आकडा साधारण तीन ते चार आठवडे आधी कळवतो. त्यानंतर आकडा बदलता येत नाही. नव्या मालिकेत तर अडचण दुहेरी असते. पहिला अंक लोकांना आवडला की नाही, हे कळण्यापूर्वीच दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाची प्राथमिक मागणी नोंदवलेली असते. अशा वेळी दुकानदार हात आखडता घेतो. बॅटमॅन खपणार, हे त्याला माहीत असते. अनोळखी लेखकाच्या नव्या पात्रासाठी पदरचे पैसे गुंतवताना तो विचार करतो.

म्हणून चाहत्याने यादीत घातलेले नाव महत्त्वाचे ठरते. ती दुकानदारासाठी विकली गेलेली प्रत असते आणि प्रकाशकासाठी मालिका पुढे चालू ठेवण्याचे कारण. 'सगळे भाग येऊ दे, मग एकत्रित पुस्तक घेऊ' असे म्हणणाऱ्या वाचकाचे पैसे वाचतात. मात्र सुरुवातीच्या मागणीत त्याची गणना होत नाही. ती मागणी घसरत गेली, तर छोटी मालिका पाच-सहा अंकांतच गुंडाळली जाऊ शकते.

याला अपवादही आहेत. मार्व्हलने २०१४ मध्ये आणलेल्या कमला खान या 'मिस मार्व्हल'ला संग्रह आणि डिजिटल आवृत्तीच्या वाचकांनीही भरभरून साथ दिली. तिच्या पहिल्या संग्रहाला २०१५ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. केवळ दुकानांतील मागणीवरून वाचकवर्ग मोजला, तर अर्धेच चित्र दिसते, हे यातून स्पष्ट झाले.

संग्राहकांच्या हौसेने बाजार कसा फुगला?

न खपलेला माल पडून राहण्याची भीती एकेकाळी कोणालाच वाटत नव्हती. जुने अंक लाखोंना विकले जात असल्याच्या बातम्यांमुळे १९९०च्या सुमारास लोक गुंतवणूक म्हणून कॉमिक्स घेऊ लागले. १९९१ मध्ये 'एक्स-मेन'चा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह आला आणि त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती दुकानांनी उचलल्या. १९९२च्या अखेरीस सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक बंद काळ्या पाकिटात आला. अनेकांनी दोन प्रती घेतल्या : एक वाचायला, एक जपून ठेवायला.

१९३८ मधील सुपरमॅनचा पहिला अंक मौल्यवान ठरला, कारण तो त्या काळी कोणी जपला नाही. बहुतेक प्रती रद्दीत गेल्या. लाखो लोकांनी जपून ठेवलेला अंक दुर्मीळ कसा होणार? हे लक्षात येताच बाजार कोसळला. हजारो दुकाने बंद झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलनेच दिवाळखोरीचा अर्ज केला.

एकच वितरक कसा उरला?

या पडझडीच्या काळातच मार्व्हलने 'हीरोज वर्ल्ड' ही वितरण कंपनी विकत घेतली आणि १९९५ पासून आपले अंक फक्त तिच्यामार्फत देण्याचे ठरवले. प्रतिक्रिया म्हणून डीसी, इमेज आणि डार्क हॉर्स या प्रकाशकांनी डायमंडशी विशेष करार केले. मोठे प्रकाशक हातचे गेल्याने इतर वितरक तग धरू शकले नाहीत. 'कॅपिटल सिटी' ही प्रमुख स्पर्धक कंपनी १९९६ मध्ये डायमंडनेच घेतली. हीरोज वर्ल्डचा प्रयोग फसला आणि १९९७ मध्ये मार्व्हलही डायमंडकडे आली.

अमेरिकेच्या न्याय विभागाने या मक्तेदारीची चौकशी केली, पण २००० मध्ये ती कारवाईविना बंद झाली. त्यानंतर सुमारे दोन दशके कॉमिक्सच्या दुकानांचा पुरवठा एकाच नळातून होत राहिला. एकच बिल, एकच खोके, एकच सूची. दुकानदारांच्या तक्रारी होत्या, पण सोयही होती. मुख्य म्हणजे, छोट्या प्रकाशकालाही त्याच खोक्यातून देशभर पोहोचता येत होते.

मक्तेदारी कशामुळे मोडली?

करोनाकाळात, २०२०च्या वसंतात, डायमंडने नव्या अंकांचा पुरवठाच थांबवला. एक कंपनी थांबली की संपूर्ण उद्योग थांबतो, हे प्रकाशकांना तेव्हा प्रकर्षाने जाणवले. जून २०२० मध्ये डीसीने डायमंडची साथ सोडली. तिचे अंक आता 'लूनार' ही कंपनी पोहोचवते. ऑक्टोबर २०२१ पासून मार्व्हलने 'पेंग्विन रँडम हाउस' या पुस्तक क्षेत्रातील बड्या कंपनीकडे वितरण दिले. २०२३ मध्ये इमेजही लूनारकडे गेली. मोठी गिऱ्हाइके गेली. गोदामे, कर्मचारी आणि कर्जाचे ओझे मात्र राहिले. डायमंडचा डोलारा त्याखाली खचला.

दिवाळखोरीनंतर काय घडले?

डायमंडने अमेरिकी कायद्याच्या 'चॅप्टर ११' या तरतुदीखाली अर्ज केला. यात न्यायालयाच्या संरक्षणाखाली कंपनी चालू ठेवून तिची फेररचना किंवा विक्री करता येते. लिलावात 'अलायन्स एंटरटेनमेंट'ने बोली जिंकली, पण एप्रिल २०२५ मध्ये व्यवहारातून माघार घेतली. अखेर मे महिन्यात कंपनीची विभागणी झाली. टेबलावरील खेळांचे वितरण कॅनडातील 'युनिव्हर्सल'कडे, तर कॉमिक्स आणि खेळण्यांचा मोठा हिस्सा 'अ‍ॅड पॉप्युलम' समूहाकडे गेला.

गोदामातील माल कोणाचा?

सर्वांत कळीचा वाद यापुढे सुरू झाला. अनेक प्रकाशक आपली पुस्तके डायमंडच्या गोदामात ठेवत. विक्री झाली की पैसे मिळत. तोवर माल प्रकाशकाच्या मालकीचा. या पद्धतीला 'कन्साइनमेंट' म्हणतात. जून २०२५ मध्ये डायमंडच्या बाजूने न्यायालयाकडे मागणी करण्यात आली, की हा माल विकून कर्जाची परतफेड करू द्यावी. जेपी मॉर्गन चेस ही बँक प्रमुख कर्जदाती होती.

'आमचा माल विकून दुसऱ्याचे कर्ज कसे फेडता?' असा प्रकाशकांचा आक्षेप. पण अमेरिकेच्या व्यापारी कायद्यात एक अट आहे. माल दुसऱ्याच्या गोदामात ठेवताना त्याची अधिकृत नोंद सरकारदरबारी केलेली नसेल, तर गोदाममालकाला कर्ज देणाऱ्याचा त्या मालावर दावा लागू शकतो. चार-पाच माणसांच्या प्रकाशन संस्थेत असा कागद भरून ठेवण्याचे कोणाच्या लक्षात येणार? त्यामुळे आधी विकलेल्या पुस्तकांचे पैसे थकलेले आणि न विकलेली पुस्तकेही अडकलेली, अशा कात्रीत हे प्रकाशक सापडले. मार्व्हल आणि डीसी यांनी वेळीच वाट बदलली होती. झळ बसली ती ज्यांना दुसरी वाट नव्हती त्यांना.

मग कॉमिक्सची मागणीच घटली आहे का?

तसे म्हणता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन'चा पहिला अंक त्या वर्षी सर्वाधिक खपलेल्या अंकांपैकी होता आणि तो पुन्हा पुन्हा छापावा लागला. मार्व्हलच्या 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'लाही २०२४ मध्ये असाच प्रतिसाद मिळाला. दोन्ही मालिकांची कथा नव्याने सुरू होते, त्यामुळे मागचे शेकडो अंक न वाचलेल्यालाही त्या कळतात. जून २०२४ पासून डीसीने गाजलेल्या कथांचे छोट्या आकाराचे संग्रह ९.९९ डॉलरमध्ये आणले. वाचक आहे, त्याच्यापर्यंत जाण्याचा रस्ता मोडकळीला आला, हे या संकटाचे स्वरूप आहे.

दुकानदाराला आता एकाऐवजी तीन-चार वितरकांशी व्यवहार करावा लागतो. तितकी बिले, तितके टपालखर्च, तितक्या अंतिम तारखा. लूनारच्या मागे असलेली मंडळी ऑनलाइन कॉमिक्सविक्रीही करतात. त्यामुळे स्पर्धकाकडूनच माल घ्यावा लागतो, अशीही काही दुकानदारांची नाराजी आहे.

भारतातील चाहत्याचा संबंध काय?

भारतात अमेरिकेसारखे कॉमिक्सच्या दुकानांचे जाळे कधी उभे राहिले नाही. येथे कॉमिक्स वाढली ती पेपर स्टॉलवर. टाइम्स समूहाने १९६४ मध्ये सुरू केलेली 'इंद्रजाल कॉमिक्स' मराठीतही निघत; मराठी घरांत वेताळ पोहोचला तो त्यांच्यामार्फत. १९९० मध्ये ती बंद झाली. पुढे 'गॉथम कॉमिक्स'ने मार्व्हल आणि डीसीचे अंक भारतात छापून परवडणाऱ्या किमतीत विकले. २००४ मध्ये मुंबईत राहणारा पवित्र प्रभाकर हा स्पायडर-मॅन जन्माला आला, तो याच उपक्रमातून.

आज भारतीय चाहता प्रामुख्याने आयात केलेले संग्रह किंवा डिजिटल आवृत्ती वाचतो. मार्व्हल आणि डीसीच्या संग्रहांचे वितरण पेंग्विन रँडम हाउसकडे असल्याने डायमंडच्या पतनाचा त्यांच्यावर थेट परिणाम होत नाही. छोट्या प्रकाशकांच्या पुस्तकांचे मात्र तसे नाही. ती आधीच कमी येत. साठा अडकला की मिळणे आणखी कठीण. आयात पुस्तकांवर २०१९च्या अर्थसंकल्पात ५ टक्के सीमाशुल्क लागले, शिवाय डॉलरचा दर आणि वाहतूकखर्च किमतीत मिळवला जातो.

डिजिटल पर्याय स्वस्त असला, तरी निर्धोक नाही. अ‍ॅमेझॉनने २०१४ मध्ये घेतलेले 'कॉमिक्सॉलॉजी' हे लोकप्रिय अ‍ॅप २०२३च्या अखेरीस बंद होऊन किंडलमध्ये विलीन झाले. खरेदी केलेली कॉमिक्स राहिली, पण वाचण्याची सवयीची जागा गेली. मासिक वर्गणीच्या सेवेत तर वर्गणी थांबली की वाचनही थांबते.

चाहत्याने काय लक्षात ठेवावे?

पहिले, अंक गुंतवणूक म्हणून घ्यायचा असेल, तर एक्स-मेनच्या ८० लाख प्रती आठवाव्यात. वेगळ्या मुखपृष्ठासाठी जादा पैसे मोजताना तेच मुखपृष्ठ किती जणांकडे असेल, हा प्रश्न विचारावा.

दुसरे, सुटे अंक घ्यायचे की संग्रह, हे मालिकेनुसार ठरवावे. बॅटमॅनच्या संग्रहाची वाट पाहिल्याने बॅटमॅन बंद पडणार नाही. नव्या लेखकाची छोटी मालिका आवडत असेल, तर ती आधीच नोंदवणे हाच तिला मिळणारा खरा आधार. जवळ दुकान नसलेल्या भारतीय वाचकाला संग्रहाची आगाऊ मागणी नोंदवता येते; तीही प्रकाशकाच्या हिशेबात धरली जाते.

तिसरे, छोट्या प्रकाशकाचे पुस्तक हवे असेल आणि तो स्वतः विक्री करत असेल, तर थेट त्याच्याकडून घ्यावे. टपालखर्च जास्त पडेल, पण पैसे कोणाच्या गोदामात अडकणार नाहीत.