साईडपट्टीवरच्या माणसांनो, मान वर करा!

तापीच्या दोन्ही तीरांवरच्या आणि सातपुड्याच्या पायथ्याशी नांदणाऱ्या माझ्या सायकलस्वार बंधूंनो आणि भगिनींनो! पहाटेच्या अंधारात दुधाच्या किटल्या लटकवून शहाद्याची वाट धरणाऱ्या श्रमिकांनो, हँडलला डबा अडकवून नंदुरबारच्या बांधकामावर निघालेल्या गवंड्यांनो, मिरचीच्या पथारीवर दिवसभर डोळे चुरचुरवून सायंकाळी घराकडे पॅडल मारणाऱ्या मजुरांनो, कॅरिअरला दप्तर बांधून शाळा गाठणाऱ्या कन्यांनो! तुमच्या अंगावर रोज धूळ उडते, शिव्या उडतात, कधी कधी रक्तही उडते. आणि तुम्ही ते सारे दैवाचे देणे समजून सोसत आला आहात. हे सोसणे आता पुरे झाले.

रोज काय घडते ते तुम्हांला सांगायला नको. मागून कर्कश हॉर्न वाजतो. डंपर हातभर अंतरावरून कट मारून जातो, तुमचे हँडल डगमगते, चाक डांबराच्या कडेवरून खाली खड्ड्यात उतरते. साईडपट्टी पावसाने खाऊन टाकलेली असते. डांबर वर आणि माती वीतभर खाली. उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या गव्हाणीकडे निघालेल्या ट्रॉल्यांच्या रांगा, त्यांना ना मागचा दिवा, ना रिफ्लेक्टर. समोरून अप्पर मारून डोळे दिपवणारा जीपवाला. आणि तुम्ही चुकून वळून पाहिलेत, एक शब्द बोललात, तर काच खाली होते आणि आईबहिणीचा उद्धार सुरू होतो. रस्ता तुझ्या बापाचा आहे का, असे तुम्हांला विचारले जाते! ज्याच्या घामाने या रस्त्याची खडी फुटली, ज्याच्या आयाबहिणींनी रोजगार हमीच्या कामावर डोक्यावरून पाट्या वाहिल्या, त्यालाच हा प्रश्न? होय, बंधूंनो, हा रस्ता तुमच्याही बापाने बांधला आहे. त्यावर चालण्यासाठी कुणाची परवानगी मागण्याचे तुम्हांला कारण नाही.

या शिवीला आपल्या नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक विखारी धार आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथील सुमारे ६९ टक्के जनता आदिवासी आहे. सायकलवरचा माणूस भिल्ल आहे, पावरा आहे, मावची आहे, कोकणी आहे, हे त्याच्या पेहरावावरून, बोलीवरून ओळखले जाते आणि काचेतून बाहेर पडणारा शब्द त्याच्या जमातीवर घाव घालतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने चारचौघांत जातिवाचक अपमान करणे हा गुन्हा ठरवला आहे. भर रस्त्याइतके चारचौघांचे ठिकाण दुसरे कोणते? तरीही किती जण ठाण्याची पायरी चढतात? अपमान गिळण्याची सवय ही गुलामगिरीची पहिली पायरी आहे, आणि ती पायरी आपण पिढ्यान्‌पिढ्या झिजवली आहे.

कन्यांनो, तुमच्याविषयी वेगळे बोललेच पाहिजे. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या, शाळेपासून ५ किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या गरजू मुलींना शासन सायकल देते. सायकल आली म्हणून शाळा सुटली नाही, शाळा सुटली नाही म्हणून लग्न लांबले, लग्न लांबले म्हणून आयुष्य उभे राहिले, अशा मुली या जिल्ह्याच्या गावोगाव आहेत. पण शासनाने सायकल दिली आणि रस्ता कोणी द्यायचा? ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात १६ मीटरांहून अधिक अंतर तोडते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. चालकाने क्षणभर मोबाइलकडे पाहिले, क्षणभर गंमत म्हणून मुलीच्या जवळून गाडी घातली, तर त्या क्षणात एका घराचा दिवा विझतो. अशा गमतीला गंमत म्हणणारा समाज स्वतःला सुसंस्कृत म्हणवून घेण्यास अपात्र आहे.

आता तरुणांनो, तुमच्याकडे वळतो. तुमचे रक्त तापते, ते तापलेच पाहिजे. ज्याचे रक्त अन्यायाने तापत नाही त्याच्याकडून समाजाने कशाची आशा करावी? पण ते तापलेले रक्त तुम्ही कोठे सांडता? कट बसला की पुढच्या फाट्यावर गाडी अडवायची, चावी काढून घ्यायची, चालकाला कॉलर धरून खाली ओढायचे, फोन करून दहा जण बोलवायचे, काचा फोडायच्या, हा तुमचा पराक्रम! मला सांगा, त्या गाडीत कोण बसलेला असतो? बहुधा तुमच्यासारखाच कोणा मजुराचा मुलगा. मालकाने त्याला खेपांचे उद्दिष्ट दिलेले असते, झोप दिलेली नसते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाला ८ तासांची मर्यादा घातली होती. सुरत-धुळे महामार्गावर कोंडाईबारीचा घाट उतरणाऱ्या चालकांना विचारा, ही मर्यादा त्यांच्यापैकी किती जणांनी अनुभवली आहे? ज्याच्या खेपांसाठी हा वेग चालतो तो धनी घरी सुरक्षित झोपलेला असतो, आणि रस्त्यावर एक पिळलेला माणूस दुसऱ्या पिळलेल्या माणसाचे डोके फोडतो.

याहून भयंकर गोष्ट अशी की जमावाच्या या रोषाने आपलीच माणसे मरतात. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाने अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य ठरवले. आणि त्याच कलमात, जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी, असा अपवादही लिहून ठेवावा लागला. विचार करा! आपला संताप इतका कुख्यात झाला की संसदेने त्याची नोंद कायद्यात केली. नव्या भारतीय न्याय संहितेत, अपघात करून पोलिसांना न कळवता पळणाऱ्यासाठी १० वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आली तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी देशभरच्या ट्रकचालकांनी चाके थांबवली, आणि त्यांचे एक मोठे गाऱ्हाणे होते : थांबलो तर लोक मारून टाकतील. शेवटी १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, पण ती तरतूद मागे ठेवण्यात आली. म्हणजे आपण चालकाला बदडतो, म्हणून चालक पळतो. चालक पळतो, म्हणून सायकलवरून पडलेला आपला भाऊ रस्त्याच्या कडेला रक्ताच्या थारोळ्यात तासभर पडून राहतो. त्या मृत्यूत आपल्या मुठीचाही वाटा आहे. हे ऐकायला कठोर आहे, पण ते मी बोलणारच.

आणि क्षणाच्या क्रोधाची किंमत? २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळात गाडी लावण्यावरून वाद झाला, ६५ वर्षांचे गुरनाम सिंग मारहाणीनंतर मरण पावले. तेव्हा क्रिकेटपटू असलेले आणि पुढे खासदार, मंत्री म्हणून गाजलेले नवज्योत सिद्धू यांना याच प्रकरणात मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १ वर्षाच्या सक्तमजुरीसाठी तुरुंगात पाठवले. तेहतीस वर्षे तो एक क्षण एका माणसाच्या मागे फिरत होता. आणि दुसऱ्या घराला तर त्यांचा माणूस कधीच परत मिळाला नाही. ज्याच्या पाठीशी कीर्ती आणि पैसा होता त्याची ही गत. तुमच्या मागे कोणते वकील उभे राहणार आहेत?

म्हणून स्वाभिमानाची रीत शिका. कट बसला तर प्रथम सायकलवरून उतरून डांबर सोडा. धावत्या रस्त्यावर भांडण म्हणजे दोघांचेही मरण. गाडीचा क्रमांक मोठ्याने म्हणा, लिहून घ्या. गाडीला हात लावू नका, चावीला तर मुळीच नाही. चालक उतरला तर हाताच्या अंतरावर उभे राहा, त्याला 'दादा' म्हणा, आवाज त्याच्याहून खाली ठेवा. त्याला माघार घ्यायला जागा मिळाली की दहातले नऊ जण ती घेतात. दारूचा वास आला, हत्यार दिसले, तर बोलणे थांबवून ११२ ला फोन लावा. कोणी जखमी असेल तर आधी १०८. मदत करणाऱ्याला कायद्याच्या १३४-अ कलमाने संरक्षण दिले आहे, तेव्हा पोलिसांच्या भयाने पाठ फिरवू नका. आणि बघ्यांनो, तुमच्यावर सर्वांत मोठी जबाबदारी आहे. मोबाइल पुढे करण्याआधी दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहा. संतापलेल्या दोन माणसांच्या मध्ये उभे राहायला छाती लागते, मारायला ती लागत नाही.

चालक बंधूंनो, तुम्हांलाही सांगतो. स्टेअरिंग हाती आले म्हणून रस्त्याचे राज्य हाती आले नाही. तुमच्याभोवती पत्र्याचे कवच आहे, सायकलवाल्याभोवती फक्त सदरा. ओलांडताना दीड मीटर सोडा, जागा नसेल तर मागे थांबा. ज्या मुलीला तुम्ही हॉर्नने दचकवता तिच्या वयाची तुमचीही लेक कुठल्या तरी रस्त्यावर सायकल चालवते आहे.

पण एकेकट्याच्या संयमाने व्यवस्था हलत नाही. तिला संघटित जनता हलवते. याची साक्ष परमुलखात शोधायला नको. नंदुरबारच्या रस्त्यावर ९ सप्टेंबर १९४२ रोजी १५ वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे बालसाथी गोळ्या झेलून पडले. त्या कोवळ्या मुलांच्या हाती दगड नव्हते, तिरंगा होता. शहाद्याच्या मातीत अंबरसिंग सुरतवंतींनी शेतमजुरांना ताठ मानेने उभे राहायला शिकवले, आणि १९७२-७३ च्या काळात त्याच परिसरातल्या आदिवासी बायांनी गावोगावचे दारूचे गुत्ते उठवले. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांनी हे केले! बाहेरचेच उदाहरण हवे तर नेदरलँड्सचे घ्या. आज सायकलींचा देश म्हणून ज्याचे नाव घेतात, तेथे १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. आईबाप मुलांसह रस्त्यावर बसले, बालहत्या थांबवा म्हणाले, वर्षानुवर्षे म्हणत राहिले. तेव्हा कुठे सायकलींच्या स्वतंत्र मार्गांचे जाळे पसरले. ते मार्ग त्यांना कोणी दयेने दिले नाहीत.

तेव्हा मागा! साईडपट्टी भरून मागा. प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ती कारखान्याच्या वजनकाट्यावर घेऊ नये, असे मागा. शाळेपाशी गतिरोधक आणि वेगमर्यादा मागा, चालकाच्या कामाच्या तासांची तपासणी मागा. त्यासाठी चालक आणि सायकलस्वार एका अर्जावर सह्या करा, कारण तुमचा शत्रू एकच आहे. जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती आहे. तिच्या बैठकीपर्यंत तुमचा कागद पोहोचलाच पाहिजे. अनुसूचित क्षेत्रातल्या आपल्या ग्रामसभांना पेसा कायद्याने १९९६ पासून बळ दिले आहे. ते बळ कागदावर कुजू देऊ नका. येत्या ग्रामसभेला धडगावच्या, अक्कलकुव्याच्या, तळोद्याच्या, नवापूरच्या, शहाद्याच्या आणि नंदुरबारच्या प्रत्येक गावातल्या सायकलस्वारांनी एकत्र यावे, मुलींना पुढे बसवावे, या मागण्यांचा ठराव वाचावा आणि तो मंजूर होऊन ग्रामसभेच्या वहीत लिहिला जाईपर्यंत कोणीही घरी जाऊ नये.